मौलवीसाहेबांनी न केलेली सही

ती घटना आठवायला मला आजही जुनी डायरी उघडावी लागत नाही. नोकरीतल्या बाकीच्या खटल्यांची नावं, ठिकाणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक प्रकरण मात्र वेगळं राहिलं, कारण त्यात मी गुन्हेगार पकडला तसाच स्वतःही पकडला गेलो.

एकोणीसशे तिसाच्या आगेमागेचा उन्हाळा होता. मी सोलापूर शहरात फौजदार होतो. नोकरीला चार वर्षं झाली होती आणि आपल्याला माणूस बघताक्षणी ओळखता येतो, असा माझा पक्का समज होता. चार वर्षांच्या फौजदाराचा तो असतोच. पुढे तो कमी होत जातो, निदान व्हायला हवा.

शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या एका मालकांचा वीस हातमागांचा कारखाना होता. रेशीमकाठी लुगड्यांसाठी त्यांचं नाव होतं. त्या दिवशी मालकांच्या घरी लग्न होतं, म्हणून माग बंद होते. सगळे विणकर लग्नात जेवायला गेले होते. कारखान्यावर फक्त एक म्हातारा पहारेकरी होता, सांगोल्याकडचा. दुष्काळात मेंढरं मेली म्हणून बायकोला घेऊन शहरात आलेला. दुपारी अडीचच्या सुमाराला कारखान्यातून धूर निघाला. शेजारचे लोक बादल्या घेऊन धावले. म्हातारा सुरुवातीला बाहेरच होता, असं त्यांनी सांगितलं. पण माळ्यावर मालकांचं रेशीम आहे म्हणून तो ओरडत आत शिरला. शिडीच्या पायथ्याशी तो सापडला. दोन दिवस सरकारी इस्पितळात होता. शुद्धीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

पहिल्याच दिवशी मी जागेचा पंचनामा केला होता. जळालेल्या मागांच्या मागे एक रिकामा रॉकेलचा डबा मिळाला, तेव्हा आग लावलेली आहे यात शंका राहिली नाही. डबा जप्त केला, कारखान्याला कुलूप लावलं, दारावर शिपाई बसवला. म्हातारा गेल्यावर प्रकरण खुनावर गेलं. डी.एस.पी. साहेबांनी बोलावून सांगितलं, "आठ दिवसांत आरोपी कोर्टापुढे पाहिजे."

म्हाताऱ्याची बायको त्या दिवसापासून ठाण्याच्या आवारात येऊन बसायला लागली. रडायची नाही, कुणाला काही मागायची नाही. मी जाता-येता दिसलो की उठून उभी राहायची. एकदा मी म्हणालो, "बाई, घरी जा. गुन्हेगार सापडला की निरोप पाठवतो."

ती म्हणाली, "घरला जाऊन काय करू, सायेब? हितंच बसते की. माज्या धन्याला कुनी जाळलं त्येवडं सांगा. पर खरं कोन त्येच सांगा. भलत्याला धरून काय उपेग न्हाय."

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो.

म्हातारा गेला त्याच संध्याकाळी आमचा खबऱ्या आला. तो कारखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी पान-तंबाखू विकायचा. त्यानं सांगितलं की, महिन्यापूर्वी त्या कारखान्यातून एका विणकराला काढून टाकलं होतं. मोमीन घरातला, चोवीस-पंचवीस वर्षांचा. कारखान्याच्या मुकादमाशी त्याची हातघाई झाली होती आणि जाता जाता चार माणसांदेखत तो म्हणाला होता, "या मागांना काडी लावीन."

मी मुकादमाला बोलावलं. माणूस चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला मऊ. मी काही विचारायच्या आत त्यानं सांगून टाकलं, "साहेब, बरोबर सव्वादोन वाजता मी त्याला गल्लीत पाहिलं. हातात डबा होता. पानाची चंची घरी विसरली, म्हणून मी लग्नातून परत आलो होतो. घर त्याच गल्लीत."

विचारण्याआधी जो साक्षीदार वेळ सांगतो, त्याच्याकडे दोनदा पाहावं, हे मी नंतर शिकलो. त्या दिवशी मला तो उत्तम साक्षीदार वाटला. अंधार पडायच्या आत त्या तरुणाला घरातून उचललं.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून रिमांड घेतली आणि चौकशी सुरू केली. धमकी दिल्याचं तो लगेच कबूल झाला. "रागात बोललो साहेब. रागात माणूस काय नाही बोलत?" पण आगीच्या वेळी कुठे होतास, म्हटल्यावर त्याची नजर खाली गेली. म्हणाला, "मशिदीत. दुपारच्या नमाजला होतो. मामू नमाज पढवतात, त्यांना विचारा."

त्याचे हे मामू म्हणजे मोहल्ल्यातल्या मशिदीचे इमाम. सगळे त्यांना मौलवीसाहेब म्हणत. साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळे. नमाज पढवण्याचा मोबदला ते घेत नसत. घरी एक माग होता, त्यावर विणून पोट भरत. या तरुणाची आई त्यांची विधवा बहीण. भाच्याला त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं, मागावर बसायलाही त्यांनीच शिकवलं होतं.

मी त्यांना बोलावणं पाठवणार होतो, पण त्याआधी तेच आले. शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून, उन्हातून चालत. मी खुर्ची दिली. बसले नाहीत.

"साहेब, माझा जबाब लिहून घ्या. आग लागली त्या दुपारी माझा भाचा नमाजला नव्हता."

मी लेखणी हातात घेऊन त्यांच्याकडे पाहतच राहिलो. मोहल्ल्यात काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं. वडीलधारी मंडळी दोन दिवस त्यांच्या घरी ठाण मांडून बसली होती. मौलवीनं 'होता' म्हटलं की भाचा सुटणार होता.

"तुम्हाला कुणी भेटायला आलं होतं?" मी विचारलं.

"आले होते. सगळे आपलेच लोक. म्हणाले, 'एक लफ्ज बोल्या तो क्या बिगड़ता? जान बचती है.' माझी बहीण पायाशी बसली होती. मी खूप विचार केला, साहेब. जीव वाचवणं मोठं पुण्य आहे. पण तुमच्या अंगणात एक बाई बसलीय, तिच्या नवऱ्याचा जीव गेलाय. खरं काय ते कळणं हा तिचा हक आहे. माझ्या भाच्यासाठी मी तिचा हक कसा काढून घेऊ? आमच्यात सांगितलंय, गवाही स्वतःच्या, आईबापाच्या, नात्यागोत्याच्या विरुद्ध गेली तरी सरळ द्या."

"म्हणजे त्यानंच आग लावली असं तुमचं म्हणणं?"

"ते मी म्हणालो नाही. तो नमाजला नव्हता, एवढं मला ठाऊक आहे, तेवढंच लिहा. तो आग लावणारा नाही असं माझं दिल सांगतं, पण दिल सांगतं ती गवाही नव्हे. ते लिहू नका."

जबाब वाचून दाखवला. त्यांनी उर्दूत सही केली. परत जाताना ते दाराच्या चौकटीला धरून क्षणभर उभे राहिले. त्या दिवसापासून बहिणीनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. मशिदीत त्यांच्या मागे उभं राहायला जेमतेम चार-पाच माणसं येऊ लागली.

मी मात्र खुशीत होतो. आरोपीचा बचाव त्याच्या मामानंच मोडला होता. आता अडचण एकच होती. डब्याचा आणि आरोपीचा संबंध जोडणारा पुरावा माझ्याकडे नव्हता. एकट्या मुकादमाच्या शब्दावर सेशन कोर्ट खुनाचा गुन्हा शाबीत धरणार नव्हतं.

माझे जमादार टेंभुर्णीकडचे, पंचवीस वर्षांच्या नोकरीचे. शनिवारी सकाळी ते एक कागद लिहून घेऊन आले. घरझडतीचा पंचनामा. त्यात लिहिलं होतं की, आरोपीच्या राहत्या घरी चुलीमागे रॉकेलचा वास येत असलेला दुसरा रिकामा डबा मिळून आला. असं काही मिळालं नव्हतं. झडतीत चुलीमागे राख आणि एक फुटकं मडकं होतं, मी स्वतः पाहिलं होतं.

जमादार म्हणाले, "साहेब, लई इचार करू नका. केलंय त्यानंच. कोर्टाला कागद लागतो, आपुन कागद देऊ. एका पंचाची सही झालीय. दुसरी सही मौलवीची घेऊ. सख्ख्या भाच्याच्या विरुद्ध ज्यानं जबाब दिला, त्याच्या सहीवर कोन शंका घेतंय?"

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. समोरचं आवक-जावक रजिस्टर उघडून वाचत बसलो. अधिकाऱ्याचं हे असं गप्प बसणं म्हणजे हुकूमच असतो. हाताखालच्या प्रत्येक माणसाला तो कळतो.

मौलवीसाहेब आले. जमादारांनी कागद पुढे सरकवला, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. मौलवीसाहेबांना मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, "वाचून दाखवा."

जमादारांनी भराभर वाचलं.

"हा डबा कुणी पाहिला?"

"मी," जमादार म्हणाले.

"मी तर पाहिला नाही. मी तिथं नव्हतोच." ते माझ्याकडे वळले. "फौजदारसाहेब, तुम्ही पाहिला?"

खोलीत पंखा ओढणाऱ्या दोरीचा करकर आवाज तेवढा येत होता. मी म्हणालो, "नाही."

मला वाटलं, आता हा माणूस चिडेल. ते चिडले नाहीत. पहिल्यांदाच खुर्चीवर बसले आणि मागावर शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात बोलले.

"साहेब, तुमची नियत वाईट नाही, ते मला दिसतं. त्या म्हाताऱ्याला न्याय मिळावा असंच तुम्हाला वाटतं. आमच्यात कोणतंही काम जोखताना आधी नियतच बघतात. पण नियत चांगली निघाली म्हणजे काम चांगलं झालं, असं होत नाही. दुसऱ्याचं पाणी चोरून कुणी हातपाय धुतले आणि नमाजला उभा राहिला, तर त्याची नियत नमाजचीच असते की! पण ज्याचं पाणी गेलं त्यानं काय करायचं?"

जमादार म्हणाले, "मौलवीसाहेब, भाचा तुमचा, म्हणून तुम्ही..."

"भाचा आहे म्हणून तर काल त्याच्याविरुद्ध लिहून दिलं," ते शांतपणे म्हणाले. "तो दोषी असेल तर खऱ्या पुराव्यावर त्याला फासावर द्या. मी आडवा येणार नाही. पण या कागदावर नाही. साहेब, खुदाचं माझ्याकडून काही चुकलं तर मी त्याच्यापुढे हात पसरीन, तो माफ करील. माणसाचं बिघडवलं तर माफी त्या माणसाकडेच मागावी लागते. भाचा या कागदावर मेला, आणि उद्या कळलं की तो नव्हताच, तर तुम्ही माफी मागायला कुठे जाल?"

मी पुन्हा रजिस्टरकडे हात नेला.

"एक विचारू? हा कागद बाहेर बसलेल्या त्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवाल? डबा आम्ही पाहिला नाही, पण लिहिलाय, असं सांगाल? जे चार लोकांत सांगायला जीभ वळत नाही, ते आत टोचत असतंच. ते टोचणं म्हणजे नुसता भित्रेपणा नसतो."

बाहेर म्हातारी कडुनिंबाखाली बसली होती. 'भलत्याला धरून काय उपेग न्हाय' असं ती म्हणाली होती. मला दोन दिवसांपूर्वी जे दुःखातलं बडबडणं वाटलं होतं, ते त्या क्षणी नीट ऐकू आलं.

मी कागद ओढून घेतला आणि फाडला. चार तुकडे केले, आठ केले. जमादार म्हणाले, "साहेब, केस गेली."

"गेली तर जाऊ द्या," मी म्हणालो. डी.एस.पी. साहेबांच्या आठ दिवसांतले चार संपले होते. आणि खरं सांगायचं तर त्या घडीलाही गुन्हेगार तोच तरुण आहे, असंच मी धरून चाललो होतो.

मौलवीसाहेब उठले. "साहेब, परवानगी असेल तर त्याला भेटू का? तुमच्यासमोर."

कोठडीचं दार उघडलं. मामाला पाहताच तो तरुण उठून उभा राहिला. मौलवीसाहेब म्हणाले, "तू नमाजला नव्हतास, हे मी साहेबांना लिहून दिलंय."

तो भिंतीला टेकला. "मामू, तुम्ही?"

"हां, मीच. तू खोटं बोललास, मी त्यात सामील झालो नाही. आता माझ्यासाठी झाकायचं काही राहिलं नाही. कुठे होतास ते सांग."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. "शिंदीच्या दुकानात होतो, मामू. काम गेल्यापासून जातोय. तुम्हाला तोंड कसं दाखवणार होतो?"

फासाच्या दोरीपेक्षा मामाच्या नजरेची त्याला जास्त भीती वाटली होती. माणसं अशी असतात. पुढच्या नोकरीत मी कितीतरी निर्दोष माणसं अशीच एखाद्या लहान लाजेपायी मोठ्या संशयात अडकलेली पाहिली.

मौलवीसाहेबांचा चेहरा उतरला. पण ते म्हणाले, "ही शरमेची गोष्ट आहे. पण खरी आहे. खुदापुढची शरम मग बघू. आता साहेबांना सगळं नीट सांग. काही गाळू नकोस."

शिंदीचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वे रुळांपलीकडे. मी स्वतः गेलो. दुकानदार आणि माल चढवणारे दोन हमाल, तिघांना वेगवेगळं बसवून विचारलं. तिघांनीही तेच सांगितलं. त्या दिवशी तो बारापासून तिथे होता, भांडला, ओकला आणि झाडाखाली आडवा झाला. पूर्वेकडे धूर दिसला तेव्हा हमालानंच त्याला हलवून उठवलं होतं. तिघांचाही त्याच्याशी ना नात्याचा संबंध ना जातीचा.

म्हणजे मुकादमानं त्याला गल्लीत पाहिलं हे खोटं होतं. चुकून दुसऱ्याला पाहिलं, की मुद्दाम सांगितलं? मी कारखान्याचं कुलूप उघडून पुन्हा पाहायचं ठरवलं. जाताना मौलवीसाहेबांना बरोबर घेतलं. जळालेल्या मागाला काय म्हणतात तेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं. विणकर हवा होता.

त्यांनी मागांकडे फारसं पाहिलं नाही. माळ्याचा अर्धा भाग खाली कोसळला होता, तिथे जाऊन बसले. पोत्यांच्या जळक्या कडा दिसत होत्या. त्यांनी राखेत हात घातला, चिमटीत घेऊन चोळली, नाकाशी नेली. पुन्हा दुसऱ्या ठिकाणची घेतली.

"साहेब, इथं रेशीम होतं असं कोण म्हणालं?"

"मालक म्हणाले. मुकादमही. माळा रेशमाच्या लडींनी भरलेला होता."

"रेशीम जळालं की केस जळाल्यासारखा वास सुटतो. राख होत नाही त्याची, काळ्या गाठी होतात. दाबल्या की कोळशासारख्या फुटतात. ही बघा." त्यांनी तळहात पुढे केला. पिठासारखी मऊ, करडी राख होती. "हे सूत आहे. टाकाऊ सूत, चिंध्या. या पोत्यांत रेशमाचा एक धागा नव्हता." आणि मग त्यांनी स्वतःहूनच जोडलं, "हे मला ठाऊक आहे, साहेब. दिल सांगतंय म्हणून नाही. हे लिहा."

मी तिथेच दोन जुन्या विणकरांना पंच म्हणून बोलावलं. प्रत्येक पोत्याखालची राख वेगळ्या डब्यात भरली, सील केली, त्यांच्यादेखत लिहिलं. त्या पंचनाम्यावर सही करताना मला एवढं हलकं वाटलं की जमादार माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

माळ्याची किल्ली फक्त मुकादमाकडे असायची. मालकांकडून आणखी एक गोष्ट कळली. ज्या विणकराला काढलं, तो मुकादमाला सारखं विचारत होता की पोत्यातलं रेशीम हल्ली हलकं कसं लागतं. भांडण तिथून पेटलं होतं. लग्न झालं की मालक स्वतः माळ्यावर चढून माल पाहणार होते.

सोमवारी मुकादमाला बोलावलं. मारणं नाही, दरडावणं नाही. टेबलावर दोन बशा ठेवल्या. एका बशीत मालकांच्या घरून आणलेली रेशमाची लड त्याच्यासमोर पेटवली. खोलीत केस जळाल्याचा वास भरला, बशीत काळ्या गाठी राहिल्या. दुसऱ्या बशीत माळ्यावरची राख ओतली. मी एवढंच म्हणालो, "मुकादम, या दोन्ही रेशमाच्या राखा. फरक काय ते तुम्ही सांगा. तुम्ही जाणकार."

तो बशीकडे बघत राहिला. मग खुर्चीवरून घसरून खाली बसला. "साहेब, म्हातारा जेवायला गेलाय असं वाटलं होतं मला. त्याला मारायचं मनात नव्हतं हो! नुसतं माळ्यावरचं जळून जावं, एवढंच होतं."

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण आरोपीनं दाखवलेल्या जागेवरून निघालेला माल चालतो. मी विचारलं, "रेशीम कुठे आहे?" अक्कलकोटच्या पुढे एका खेड्यात त्याची सासुरवाडी होती. त्याच दिवशी त्याला आणि दोन पंचांना घेऊन निघालो. दारात सासू उभी होती. मी काही विचारायच्या आधीच तिनं "गोत्तिल्ला, गोत्तिल्ला," म्हणत हात हलवले. मला काही माहीत नाही, म्हणून. मुकादम गपचूप आत गेला आणि ज्वारीच्या कणगीवर हात ठेवला. ज्वारी उपसली. खाली लाल, हिरव्या, जांभळ्या रेशमाच्या लडी, एकावर एक. प्रत्येक लडीला मालकांच्या घरची खास गाठ. जमादारांनी पहिली लड वर काढली आणि उन्हात धरली. ती अशी झळाळली की पंच म्हणून आलेला गावचा पाटील "अबब!" म्हणून दोन पावलं मागे सरला.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते तरुणाच्या सुटकेचं. ठाण्याच्या दारात त्याची आई उभी होती. मौलवीसाहेब थोडे दूर. मुलगा बाहेर येताच ती त्याच्याकडे गेली नाही. आधी भावाकडे गेली आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली. "भाई, तुमने उस दिन झूट बोल्या होता तो?" एवढंच तिला बोलता आलं. मीही तोच विचार करत होतो. मौलवी खोटं बोलले असते, तर तो नमाजला नव्हता हे सांगणारी चार माणसं मी सहज उभी केली असती. मामा-भाचे दोघेही खोटे ठरले असते आणि शिंदीच्या दुकानाचं नाव कधी निघालंच नसतं.

सेशन कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा मुकादमानं मोठा वकील दिला होता. राखेवरून रेशीम ओळखता येतं हे सांगायला आमचे साक्षीदार मौलवीसाहेब. वकिलांनी त्यांना घेरलं.

"पहिला आरोपी तुमचा सख्खा भाचा?"

"हो."

"त्याला सोडवण्यासाठी तुम्ही राखेची ही गोष्ट रचली?"

सरकारी वकील उठले आणि त्यांनी जुम्म्याच्या दिवशी मी लिहून घेतलेला जबाब कोर्टापुढे ठेवला. न्यायाधीशांनी तो वाचला. चष्मा काढून मौलवीसाहेबांकडे पाहिलं. "भाच्यावर खुनाचा आरोप असताना त्याच्याविरुद्ध हे आपण दिलं होतं?"

"हो हुजूर. तेव्हा तेवढंच खरं मला ठाऊक होतं."

कोर्टात कुजबुज झाली. मौलवीसाहेबांनी परवानगी मागितली आणि खिशातून दोन धागे काढले, एक सुताचा, एक रेशमाचा. शिरस्तेदारानं काडी ओढली. सूत भुर्रकन जळून राख झाली. रेशीम आक्रसलं, काळी गाठ झाली आणि तो वास न्यायाधीशांच्या टेबलापासून मागच्या बाकापर्यंत पसरला. मागे कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "व्हय की!" पट्टेवाल्यानं दरडावलं, पण न्यायाधीशांच्याही तोंडावर हसू होतं. मुकादमाचे वकील खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं.

आरोपीनं शेवटपर्यंत एकच म्हटलं, "मारायचा हेतू नव्हता." कोर्टानं ते लक्षात घेतलं, फाशी झाली नाही. पण त्याची उमेदीची उरलेली वर्षं तुरुंगात गेली. निकालानंतर म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सायेब, आता घरला जाते," म्हणाली आणि खरंच त्याच दिवशी सांगोल्याला निघून गेली. जाताना मौलवीसाहेबांच्या भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. त्यानं मान खाली घातली होती.

पुढच्या जुम्म्याला मी बंदोबस्ताच्या निमित्तानं त्या मोहल्ल्यात होतो. मशीद भरून रांगा रस्त्यावर आल्या होत्या. भाच्याविरुद्धच्या जबाबानंतर ज्यांनी पाठ फिरवली होती, ते सगळे त्या काटकुळ्या म्हाताऱ्याच्या मागे उभे होते. नमाज झाल्यावर लोकांनी त्यांना घेरलं, कुणी हात चुंबत होतं, कुणी माफी मागत होतं. आमचे जमादार गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि टोपी काढून त्यांच्यापुढे वाकले. माझ्या सगळ्या नोकरीत मी त्यांना एखाद्या साहेबापुढेही तसं वाकताना पाहिलं नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. म्हणालो, "मौलवीसाहेब, त्या दिवशी कागद फाडला ते बरं झालं. नाहीतर निर्दोष माणूस गेला असता."

त्यांनी विचारलं, "फाडलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं, तो निर्दोष आहे म्हणून?"

"नाही. तोच गुन्हेगार आहे असं मला वाटत होतं."

"मग तेच मोठं काम झालं, साहेब," ते म्हणाले. "तो दोषी निघाला असता, तरी ते फाडणं तितकंच बरोबर होतं."

हे पटायला मला काही वर्षं लागली. शिकलो ते इतकंच. चांगला हेतू पोलिसाजवळ असायलाच हवा, पण तो त्याचं पहिलं पाऊल आहे. त्यापुढे रस्ता सरळ आहे का, आणि त्या रस्त्यावर कुणाचा हक पायाखाली येतो का, हे प्रत्येक पावलाला पाहावं लागतं. त्यानंतरच्या सबंध नोकरीत मी डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीखाली सही केली नाही. त्यामुळे काही खटले हरलो. दोन-तीन पक्के बदमाश माझ्यासमोर मिशीला पीळ देत कोर्टाबाहेर पडले, एक बढतीही लांबली. पण माझ्या सहीच्या पंचनाम्यावर कुठल्या वकिलानं बोट ठेवलं की न्यायाधीश म्हणायचे, "फौजदारांची सही आहे ना? मग पुढे चला." पदकं मिळाली ती कपाटात आहेत. हे वाक्य मात्र मी नातवंडांना अजून सांगतो, आणि सांगताना, या वयातही, माझी छाती फुगते.